जपानमध्ये हातघडणीची सुरी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेली मंडळी हल्ली तिकीट काढलं की सुरीबद्दल विचारतात. काहींचा निरोप थेट दुकानातून येतो: दोन सुऱ्यांचा फोटो आणि खाली "यातली कुठली घेऊ, पटकन सांगा". काहींचा परत आल्यावर येतो, पात्यावर गंज दिसायला लागल्यावर. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे क्रमाने मांडले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. माझं मत जागोजाग येईलच. सगळ्यात ठाम मत आधीच सांगते: पात्यावरची नक्षी बघून सुरी घेऊ नका, आपला हात आणि आपला ओटा आठवून घ्या. आणि ती कोणी घडवली हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. घरी विळी आहे, दोन-तीन चाकू आहेत. जपानी सुरीत वेगळं असं काय आहे?

पोलाद जास्त कडक आणि पातं जास्त पातळ. युरोपीय घाटाच्या सुऱ्यांची कडकपणाची पातळी रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ५८ असते. चांगल्या जपानी सुरीची ६० ते ६४. कडक पोलादाला बारीक कोनात धार काढता येते आणि ती बरेच दिवस टिकते. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जातो, कांद्याचा रस कमी सुटतो, कोथिंबीर चेचली जात नाही. मात्र कडक पोलाद ठिसूळही असतं. आदळआपट, पिरगाळणं, हाडावर घाव घालणं त्याला सोसत नाही (प्रश्न १४). हा स्वभाव मान्य असेल तरच पुढे वाचा.

२. पहिलीच सुरी घ्यायची आहे. कुठला प्रकार घेऊ?

बहुतेकांसाठी उत्तर दोनच: सान्तोकु किंवा नाकिरी.

सान्तोकु म्हणजे भाजी, मासे, मटण सगळ्याला चालणारी घरगुती सुरी. पातं १६५ ते १८० मिलीमीटर. नाकिरी खास भाजीची: आयताकृती पातं, जवळजवळ सरळ धार, टोक नाही. ज्यांच्या घरात रोज मेथी, कोबी, गवार, पोह्यांचा कांदा एवढंच चिरलं जातं त्यांना मी डोळे झाकून नाकिरी सुचवते. सरळ धार असल्यामुळे पातं पूर्ण लांबीभर कापायच्या पाटाला टेकतं आणि पालेभाजी शेवटच्या धाग्यापर्यंत सुटते. रुंद पात्यावरून चिरलेली भाजी उचलून थेट कढईत टाकता येते.

ग्युतो ही लांब, टोकदार सुरी, २१० किंवा २४० मिलीमीटरची. मोठा ओटा आणि मोठा पाट असेल तरच घ्या. पेट्टी म्हणजे १२० ते १५० मिलीमीटरची छोटी सुरी, फळं आणि हातातल्या कामांसाठी. ती दुसरी सुरी म्हणून छान.

यानागिबा, देबा, उसुबा या एका बाजूने धार असलेल्या सुऱ्या दुकानात सगळ्यात देखण्या दिसतात. पहिली खरेदी म्हणून त्या घेऊ नका. त्यांची मागची बाजू किंचित खोलगट असते, धार लावायची रीत वेगळी असते आणि कापताना पातं एका बाजूला ओढतं. साशिमीचे, म्हणजे कच्च्या माशाचे, काप किंवा मुळ्याची कागदासारखी पट्टी काढणं हे त्यांचं काम. आपल्या रोजच्या भाजीला त्यांचा उपयोग कमी.

३. "हातघडणीची" म्हणजे सगळं हातानेच केलेलं असतं का?

नाही, आणि त्यात फसवणूकही नाही. भट्टीशेजारी यांत्रिक हातोडा जवळजवळ प्रत्येक कार्यशाळेत असतो. हाताचं कसब असतं ते पोलाद किती तापवायचं, कुठे किती ठोकायचं, पाणी कधी द्यायचं (म्हणजे तापलं पातं बुडवून कडक कधी करायचं) आणि धारेपाशी पातं किती पातळ करायचं यात.

ढोबळ तीन पातळ्या धरा. पहिली: मऊ लोखंड आणि कडक पोलाद लोहार स्वतः भट्टीत तापवून सांधतो आणि त्यातून पातं घडवतो. दुसरी: गिरणीतून आधीच सांधून आलेली पट्टी घेऊन लोहार ती घडवतो, तिला पाणी देतो, धार काढतो. कितीतरी नामवंत लोहार असंच करतात आणि सुऱ्या उत्तम असतात. तिसरी: पत्र्यातून यंत्राने छाप्यासारखी कापून काढलेली सुरी. तीही वापरायला वाईट नसते, पण तिला हातघडणीची किंमत देऊ नका.

पाणी देणारा लोहार काम करत असताना कधी बघायला मिळालं तर सोडू नका. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली असते, कारण तापल्या पोलादाचा रंग उजेडात नीट कळत नाही. पात्याला आधी मातीचा पातळ लेप दिलेला असतो. केशरी रंगाची नेमकी छटा आली की पातं पाण्यात जातं, एक चर्र आवाज येतो, आणि सुरी कडक झाली की वाकडी हे तेवढ्यात ठरतं.

४. दुकानात खरी सुरी ओळखायची कशी?

आधी विचारा: कोणी घडवली, धार कोणी काढली, पोलाद कुठलं? चांगला दुकानदार तिन्हीची उत्तरं देतो, बहुधा आनंदाने. "जपानी पोलाद, उत्तम" एवढंच उत्तर मिळालं तर पुढचं दुकान बघा.

मग सुरी हातात घ्या. पाठ डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का बघा. पाठीपासून धारेकडे ते एकसारखं पातळ होत गेलेलं हवं. पाठीच्या आणि टाचेच्या कडांवरून बोट हलकेच फिरवा. चांगल्या कामात त्या गुळगुळीत केलेल्या असतात, कारण पकड तिथेच येते. मूठ आणि पातं जुळतात तिथे फट नको. पात्यावर जे नाव कोरलेलं असतं ते लोहाराचंच असेल असं नाही. साकाईत ते बरेचदा व्यापाऱ्याचं असतं (प्रश्न ६), म्हणून नाव वाचून न थांबता विचारायचं.

५. बजेट किती ठेवू?

हातघडणीची सान्तोकु किंवा नाकिरी साधारण १०,००० ते ३०,००० येनमध्ये चांगली मिळते. नावाजलेला लोहार, महागडं पोलाद, अष्टकोनी मूठ अशी एकेक गोष्ट वाढली की आकडा वाढतो. होन्याकी, म्हणजे अख्खं पातं एकाच पोलादाचं, या प्रकाराच्या किमती लाख येनच्या घरात जातात. घरगुती वापरासाठी तिची गरज नाही. माझा हिशेब साधा आहे: १५,००० येनची सुरी आणि सोबत धार लावायचा दगड घेणारा माणूस ४०,००० येनची एकटी सुरी घेणाऱ्यापेक्षा जास्त सुखात स्वयंपाक करतो.

६. थेट कारागिरांच्या गावी जायचं आहे. कुठे जाऊ?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण प्रवासातला खरा आनंद इथेच आहे.

साकाई: ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेलं जुनं बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू जपानात आली, ती चिरायच्या सुऱ्या साकाईत बनू लागल्या आणि पुढे तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, त्यांवर गुणवत्तेची मोहोर दिली. आजही जपानी पद्धतीचा स्वयंपाक करणाऱ्या व्यावसायिक आचाऱ्यांच्या बहुतांश सुऱ्या इथल्याच. साकाईची खूण म्हणजे कामाची वाटणी. घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि तिघांना बांधून ठेवणारा व्यापारी चौथा. प्रत्येक जण आयुष्यभर एकच काम करतो. हानकाई ट्रामने म्योकोकुजी थांब्यावर उतरून चालत साकाई देन्शोकानला जा. तिथे सुऱ्यांचं संग्रहालय आहे, वेगवेगळ्या घरांच्या सुऱ्या एकाच ठिकाणी बघून विकत घेता येतात.

एचिझेन: फुकुई प्रांतातलं ताकेफु. १३३७ मध्ये क्योतोचा तलवार घडवणारा चियोझुरू कुनियासू इथे आला आणि शेतकऱ्यांसाठी विळे घडवू लागला, असं इथली परंपरा सांगते. इथे बरेच लोहार घडवण्यापासून धारेपर्यंत सगळं स्वतः करतात. दोन पाती एकावर एक ठेवून एकत्र ठोकायची इथली जुनी रीत आहे. जोडीने असली की पाती लवकर निवत नाहीत आणि एकसारखी पातळ होतात. ताकेफु नाइफ व्हिलेजमध्ये अनेक लोहार एकाच छपराखाली काम करतात, वरच्या सज्जातून ते बघता येतं, शेजारीच दुकान आहे. मार्च २०२४ पासून होकुरिकू शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) एचिझेन-ताकेफु स्थानकापर्यंत जाते, त्यामुळे टोकियोहून गाडी न बदलता पोहोचता येतं. एकाच गावाला जायला वेळ असेल तर मी हेच गाव सांगेन.

सान्जो: निइगाता प्रांतात, टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेनने त्सुबामे-सान्जोला उतरायचं. शरद ऋतूत इथले कारखाने काही दिवस सगळ्यांसाठी दारं उघडतात. त्या सुमारास जाणार असाल तर तारखा आधी बघून ठेवा.

सेकी: गिफु प्रांतातलं, तलवारींसाठी नावाजलेलं. आजचं बरंचसं काम कारखान्यातलं, दर्जा चांगला, भाव आवाक्यातले. शरद ऋतूत सुऱ्यांची मोठी जत्रा भरते.

तोसा: शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात. कोयते, कुऱ्हाडी, रांगड्या काळ्या पात्याच्या सुऱ्या. दिखाऊपणा कमी आणि किंमतही कमी.

७. गावांना जायला वेळ नाही. टोकियो, क्योतो, ओसाका एवढंच आहे. मग?

टोकियोत काप्पाबाशी. उएनो आणि असाकुसाच्या मधला हा रस्ता हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांचा, भुयारी रेल्वेचं जवळचं स्थानक तावारामाची. वेगवेगळ्या गावांच्या सुऱ्या शेजारी शेजारी बघायला मिळतात, हा इथला मोठा फायदा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. घाऊक मासळीबाजार २०१८ मध्ये तोयोसूला गेला, तरी त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात सुऱ्यांची दुकानं अजून आहेत. तिथे सकाळी जा.

क्योतोत निशिकी बाजारातलं आरित्सुगू १५६० पासूनचं घराणं म्हणून ओळखलं जातं. ओसाकात नाम्बाजवळची सेन्निचिमाए दोगुयासुजी ही भांड्याकुंड्यांची गल्ली, आणि अर्धा दिवस काढता आला तर ट्रामने साकाई. ऑगस्टच्या मध्यावरचे ओबोनचे (पितरांच्या सणाचे) दिवस आणि नववर्षाचा आठवडा टाळा. कारागीर सुट्टीवर असतात, दुकानंही.

८. कार्बन पोलाद घेऊ की स्टेनलेस?

कार्बनमध्ये दोन नावं सारखी ऐकू येतील: शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद. दोन्ही शिमाने प्रांतातल्या यासुगीची. शिरोगामी शुद्ध, दगडावर पटकन धार घेणारं. आओगामीत टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं, म्हणून धार थोडी जास्त टिकते. दोन्ही गंजतात. स्टेनलेसमध्ये व्हीजी-१० आणि गिन्सान ही भरवशाची नावं. गिन्सानवर दगडाचं काम जवळजवळ कार्बनसारखं होतं.

माझा सल्ला हवामानावर ठरतो. रत्नागिरी, पणजी, मुंबईच्या पावसाळ्यात सुरी पुसून ठेवायची शिस्त घरात सगळ्यांना नसेल, तर गिन्सान घ्या. मधला रस्ताही आहे: धारेला कार्बन पोलाद आणि बाहेरून स्टेनलेसचं आवरण. गंजायला फक्त धारेची बारीक रेघ उघडी राहते. दुकानात "बाहेरून स्टेनलेस, आत आओगामी" असं विचारा, लगेच काढून देतात.

९. सुरी आणली, कांदा-कैरी कापली आणि पातं निळं-काळं पडलं. खराब झाली का?

नाही. कार्बन पोलादावर असा करडा-निळसर थर येतोच आणि तो पात्याचं रक्षण करतो. सुरुवातीचे काही दिवस कांदा किंचित काळपट होऊ शकतो, वास येऊ शकतो, मग थांबतं. काळजी करायची ती नारिंगी-तांबड्या डागांची. तो गंज. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बुचाने घासला की ताजा गंज निघतो. लिंबू, कैरी, चिंच, आमसूल यांच्यानंतर सुरी तशीच ठेवू नका. काम मध्येच थांबवून फोन घ्यायचा असला तरी आधी पुसा. सुरी काही दिवस वापरात नसेल तर पात्याला खाण्यायोग्य मिनरल तेलाचा हात फिरवा.

१०. लाटालाटांची नक्षी असलेली दमास्कस सुरी जास्त चांगली का?

नक्षी बाहेरच्या थरांची असते. कापतं ते मधलं पोलाद. त्यामुळे नक्षीने धारेत काही फरक पडत नाही, किमतीत पडतो. आवडली तर जरूर घ्या, पण मधलं पोलाद कुठलं हे विचारून. पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी वरवर छापलेली नक्षीही विकतात. खऱ्या थरांच्या रेघा एकमेकींसारख्या नसतात आणि धारेजवळ मधल्या पोलादाचा वेगळा पट्टा दिसतो. मला स्वतःला कुरोउची आवडते, भट्टीतली काळी पापडी तशीच ठेवलेली. तीत लोहाराचे घाव दिसतात आणि ती स्वस्तही पडते.

११. दुकानात कसं वागायचं? घासाघीस चालते का?

चालत नाही, करू नका. सुरी स्वतःहून उचलू नका. "सावात्ते मो ई देसु का", हात लावला तर चालेल का, एवढं विचारलं की दुकानदार काढून देतो. पात्यावर बोटांचे ठसे उमटू देऊ नका, धारेवर अंगठा फिरवू नका. काय कापता ते सांगा: भाजी जास्त, मासे कधीमधी, पाट लाकडी. फोनवरचं भाषांतर पुरतं. पोलाद विचारायला "हागाने वा नान देसु का". मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, लहान कार्यशाळांसाठी रोख जवळ ठेवा.

१२. पात्यावर नाव कोरून मिळतं का? मराठीत?

बऱ्याच दुकानांत मिळतं, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे घेऊन. कोरणारा पातं ठोकळ्यावर टेकवतो आणि बारीक छिन्नीने टिंबासारखे घाव घालत अक्षर उठवतो. आधी कच्चं लिहून घेत नाही, नजरेनेच अंतर धरतो. अक्षरं बहुधा काताकाना किंवा कांजी या जपानी लिप्यांतली. देवनागरी मागितली तर काही जण नमुना बघून करून देतात, काही नम्रपणे नाही म्हणतात. आग्रह धरू नका. नाव कोरल्यावर सुरी बदलून मिळत नाही, म्हणून प्रश्न ४ मधली तपासणी त्याआधी उरका.

१३. मी डावखुरी आहे. मला मिळेल का?

सान्तोकु, नाकिरी, ग्युतो दोन्ही बाजूंनी धारेच्या असतात, त्या चालतील. तरी दोन गोष्टी विचारा. काही लोहार धार एका बाजूला जास्त झुकवतात, आणि काही मुठी उजव्या हातासाठी एका कडेला उंचवटा ठेवून केलेल्या असतात. अष्टकोनी किंवा लंबगोल मूठ घ्या. एका बाजूच्या धारेची सुरी हवी असेल तर "हिदारिकिकी" म्हणजे डावखुऱ्यांसाठीची मागायला लागते. ती बरीच महाग असते, बहुधा मागणीनुसार बनते, म्हणून प्रवासाच्या बरंच आधी दुकानाला लिहा.

१४. मटण, नारळ, सुरमई, सुरण... हे सगळं एका सुरीने होईल का?

नाही. नारळ फोडणं, हाडावर घाव, फ्रीझरमधून काढलेला गोठलेला गोळा, सुपारी यासाठी जपानी सुरी नाहीच. धारेचा टवका उडेल. बोनलेस मटण आणि चिकन चालतं. लाल भोपळ्यात किंवा सुरणात पातं अडकलं तर पिरगाळू नका, सरळ मागे ओढा. पापलेट, बांगडा साफ करायला सान्तोकु चालते. सुरमईच्या आडव्या तुकड्यांना मधला काटा आडवा येतो, ते काम बाजारात कोळणीकडूनच करून घ्या. जाड पाठीची देबा मासे सोडवायला आणि डोकं वेगळं करायला असते, मटणाच्या नळ्या फोडायला नाही. घरातला कोयता आणि विळी टाकू नका, त्यांचं काम त्यांनाच राहू द्या.

पाटही महत्त्वाचा. ग्रॅनाइटचा ओटा, काच, स्टीलचं ताट यांवर कापलं तर धार एका दिवसात जाते. लाकडी पाट घ्या.

१५. शाकाहारी आहोत. मुठीत शिंग असतं असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. पारंपरिक मूठ मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाची असते आणि पात्याकडच्या टोकाला बहुधा म्हशीच्या शिंगाचं कडं बसवतात. नको असेल तर पूर्ण लाकडी किंवा प्लास्टिकच्या कड्याची मूठ मागा. बऱ्याच ठिकाणी पातं आणि मूठ वेगवेगळी निवडता येते आणि तिथेच बसवून देतात. रिव्हेट मारलेली पाश्चात्त्य धर्तीची मूठ हाही पर्याय आहे.

१६. धार गेली की इथे कोणाकडे द्यायची? सायकलवर येणारा धारवाला चालेल?

त्याच्याकडे देऊ नका. कोरड्या फिरत्या चाकावर धार तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. त्याच्या चाकाचा कोनही जाड सुरीसाठीचा. ओढायची खाचेची धारयंत्रं आणि लोखंडी सळईही टाळा, कडक पोलादाचे बारीक टवके निघतात.

स्वतः शिका. १००० नंबरचा दगड पुरे, जोडीला ३००० ते ६००० चा असला तर उत्तम. किंग कंपनीचा १०००/६००० असा दोन्ही बाजूंचा दगड जपानात सहज मिळतो. वजन धरून सामानात जागा ठेवा. काही दगड आधी पाण्यात बुडवून ठेवायचे असतात, काहींवर नुसता शिडकावा पुरतो, ते घेताना विचारा. कोन दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश. एका बाजूला घासत राहा, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीकशी कोर लागली की बाजू बदला. वेळ असेल तर दुकानातच "एकदा करून दाखवाल का" असं विचारा. दुसऱ्याच्या मनगटाची हालचाल बघितली की जे कळतं ते वाचून कळत नाही.

१७. भांडी घासायला मावशी येतात. सुरी टिकेल का?

सुरी सिंकमध्ये गेली नाही तर टिकेल. तारेची घासणी, भांड्यांचा ढीग आणि रात्रभर ओलं राहणं, तिन्ही घातक. आणि पातळ धार पाण्याखाली दिसत नाही, मावशींच्या हाताला लागेल ही त्याहून मोठी काळजी. म्हणून कापणाऱ्यानेच लगेच मऊ स्पंजने धुवायची, पुसायची, जागेवर ठेवायची. घरात हे जमणार नसेल तर हातघडणीची कार्बन सुरी घेऊच नका.

१८. टॅक्स-फ्री कसं मिळतं?

जपानचा उपभोग कर १० टक्के आहे. परवाना असलेल्या दुकानात एका दिवशी कर न धरता ५,००० येन किंवा जास्त खरेदी केली की पर्यटकाला सूट मिळते. मूळ पासपोर्ट लागतो, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. दुकानात "मेन्झेई", म्हणजे करमुक्त, विचारा.

पद्धत मात्र बदलते आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या खरेदीत कर दुकानातच वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टमची पडताळणी झाली की कर परत मिळायचा. सुरी चेक-इन बॅगेत जाणार असल्यामुळे ही पडताळणी बॅग काउंटरवर देण्याआधी करा. लहान कार्यशाळांकडे परवाना नसतो, तिथे सूट मागू नका.

१९. भाऊ टोकियोत नोकरीला आहे. त्याने माझ्यासाठी टॅक्स-फ्री घेतली तर?

त्याला ती सवलत नाही. जपानात नोकरी करणारा माणूस भारतीय पासपोर्टवर असला तरी तिथला रहिवासी धरला जातो. तुमचा पासपोर्ट दाखवून तुम्ही स्वतः घेतलीत तरच. त्याच्याकडून मागवायची असेल तर करासकट, आणि त्याने सुट्टीत येताना प्रश्न २१ आणि २३ पाळून आणायची.

२०. सुरी घेऊन शहरात फिरलं तर पोलीस पकडतील का?

जपानच्या कायद्यानुसार ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. दुकानातून हॉटेलवर बांधलेली सुरी नेणं हे योग्य कारण आहे. पण तीच पिशवी खांद्याला अडकवून चार दिवस फिरणं नाही. पावती सोबत ठेवा, खोका उघडू नका, शेवटच्या टप्प्यात खरेदी करा आणि सरळ हॉटेलवर जा. शिंकान्सेनमध्ये एप्रिल २०१९ पासून उघडी सुरी न्यायला बंदी आहे. दुकानाच्या पक्क्या बांधणीत चालते.

२१. विमानात कशी न्यायची?

फक्त चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेत सापडली तर तिथेच जाते, परत मिळत नाही. जपानातल्या अंतर्गत उड्डाणांनाही हेच. दुकानदाराला विमानाने नेणार हे सांगा, तो टोकाला पुठ्ठा लावून घट्ट बांधतो. खोका कपड्यांच्या मधोमध ठेवा. फक्त केबिन बॅगेचं स्वस्त तिकीट असेल तर सुरीसाठी चेक-इनचे पैसे आधीच धरा.

२२. खरीखुरी कटाना घ्यावी म्हणतो. तेही चालेल का?

तो वेगळा विषय आहे. खऱ्या तलवारीला जपानबाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते आणि भारतात शस्त्र कायदा लागू होतो. या पानावरचं काहीही तिला लागू पडत नाही.

२३. भारतात कस्टमला अडवतील का? २४० मिलीमीटरची ग्युतो ९ इंचांपेक्षा लांब आहे.

भारताच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकाची सुरी घरगुती. तरी विचारणा झालीच तर मूळ खोका, पावती आणि दुकानाचं पत्रक कामाला येतं, म्हणून ते फेकू नका. एक-दोन सुऱ्या घरच्यासाठी हे सहज पटतं. दहा-बारा एकसारख्या सुऱ्या असतील तर तो व्यापारी माल वाटू शकतो.

शुल्काचा हिशेब सगळ्या खरेदीचा मिळून होतो. २०१६ च्या बॅगेज नियमांत हवाई मार्गाने येणाऱ्या रहिवाशांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये होती. निघण्याआधी चालू आकडा कस्टमच्या संकेतस्थळावर बघा, आणि कॅमेरा, घड्याळ, सुरी सगळं एकत्र मोजा.

२४. लग्नात भेट द्यायला सुरी आणू का? धारदार वस्तू देऊ नये म्हणतात.

जपानातही जुन्या लोकांत अशी शंका असते आणि तिथेही सुऱ्या भेट दिल्या जातात. काही जण सोबत पाच येनचं नाणं ठेवतात. आपल्याकडे घेणाऱ्याने एक रुपया देऊन ती "विकत" घेण्याची रीत अनेक घरांत आहे. देण्याआधी त्या घरी सुरी कोण वापरणार आणि कशी धुणार (प्रश्न १७) हे बघा. भेटीसाठी स्टेनलेसच घ्या.

२५. आमचं विमान दिल्लीला उतरतं, तिथून मुंबई किंवा पुणे. काही वेगळं करायचं?

दिल्लीला बॅग घेऊन कस्टममधून बाहेर यावं लागतं आणि देशांतर्गत विमानासाठी ती पुन्हा द्यावी लागते. नेमक्या या वेळी लोक बॅगेचं वजन कमी करायला खोके हातातल्या बॅगेत हलवतात, आणि सुरी पुढच्या तपासणीत जाते. सुरीचा खोका मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवा, दगडही तिथेच. आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर दुसऱ्या तिकिटावर चेक-इनचं वजन कमी असतं. त्या जादा किलोंचे पैसे जपानला निघण्याआधीच ऑनलाइन भरून ठेवा, विमानतळावर ते बरेच जास्त पडतात.